भाताची हाक कोण ऐकते?

तण म्हणजे काय, असे आठवी-नववीच्या वर्गात विचारले तर बहुतेक मुले बरोबर उत्तर देतात : नको त्या जागी उगवलेली वनस्पती. ते पिकाचे नुकसान कसे करते, याचेही उत्तर ठरलेले असते. तण पाण्यात, खतात, उन्हात आणि जागेत वाटा मागते. म्हणून वेळेवर बेणणी करावी, पीक जोमाने वाढते. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. काही तणे वाटा मागण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. ती सरळ पिकाच्या मुळात शिरतात आणि पिकाने जमिनीतून ओढलेले पाणी, क्षार आणि पानांत तयार केलेले अन्न तिथल्या तिथे काढून घेतात. त्यांतली काही तर जमिनीवर दिसू लागतात तेव्हा बेणणीची वेळ टळून गेलेली असते.

अशा परोपजीवी वनस्पती आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. ज्वारीच्या शेतातला टारफुला, तंबाखूच्या मुळांवर वाढणारा बंबाखू, कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरणारी अमरवेल ही त्यांचीच उदाहरणे. मात्र कोकणातल्या शेतकऱ्याला भातावर टारफुला येतो असे सांगितले तर तो हसेल. त्याचे भात चिखलणी केलेल्या, पाणी साठलेल्या खाचरात उभे असते आणि साठलेल्या पाण्यात टारफुल्याचा निभाव लागत नाही. परंतु आफ्रिकेत भाताचे पुष्कळसे क्षेत्र निव्वळ पावसावर आहे. काही भात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पेरतात, तर काही पाणी कधी साठते आणि कधी ओसरते अशा खोलगट भागांत. या दोन्ही ठिकाणी भाताच्या मुळांवर जगणारी तणे आहेत. त्यांची गोष्ट आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांची आहे, तशीच ती विज्ञानातल्या एका साध्या प्रश्नाचीही आहे. मातीत निजलेल्या धुळीएवढ्या बीला शेजारी भाताचे मूळ आले आहे, हे कळते कसे?

चेटकीचे तण

टारफुल्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. हे नाव पोर्तुगीज धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो यांनी १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वापरले. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ चेटकीण असाही होतो आणि इंग्रजीतही हिला चेटकीचे तणच म्हणतात. आफ्रिकेत सर्वाधिक नुकसान करणाऱ्या जातीचे नाव स्ट्रायगा हर्मोंथिका. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या दलील या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाईलकाठच्या हर्मोंथिस या प्राचीन नगरावरून ते दिले. दुसरी जाती स्ट्रायगा एशियाटिका. ही आपल्याकडेही सापडते. (जुन्या पाठ्यपुस्तकांत हे कुल स्क्रोफ्युलॅरिएसी असे दिलेले आढळेल. डीएनएच्या अभ्यासानंतर टारफुला आता बंबाखूच्या ओरोबँकेसी कुलात गणला जातो.)

या वनस्पतीचे जीवनचक्र वर्गात सांगण्याजोगे आहे. एका झाडाला हजारो, कधी लाखाच्या घरात बिया येतात. एकेक बी सुमारे पाव मिलिमीटरची, म्हणजे हातात घेतली तर तपकिरी धूळच वाटेल. मातीत ती दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. ती एवढी लहान असल्याने तिच्यात साठवलेले अन्न जेमतेम असते. रुजल्यानंतर काही दिवसांत यजमानाचे मूळ सापडले नाही तर अंकुर मरतो. मूळ सापडले की अंकुराच्या टोकाशी एक गाठीसारखा अवयव तयार होतो. त्याला चूषक म्हणतात. तो मुळाची साल भेदून आतल्या जलवाहिन्यांशी जोडला जातो. त्यानंतर चार ते सात आठवडे सगळा कारभार जमिनीखाली चालतो. वर पीक पिवळे पडते, खुरटते, जमिनीत ओल असूनही दुष्काळात सापडल्यासारखे दिसते. मग एके दिवशी टारफुल्याचे हिरवे कोंब वर येतात, सुंदर लाल, जांभळी किंवा गुलाबी फुले येतात आणि शेतकऱ्याला उलगडा होतो. तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

बी वाट पाहते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या शेतांना या तणाने ग्रासले. तेथे पिअर्सन यांनी १९१३ साली आणि सॉन्डर्स यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. ओल आणि ऊब मिळाली म्हणून हे बी रुजत नाही. शेजारी योग्य मूळ असावे लागते, मुळातून काहीतरी पाझरावे लागते, तेव्हाच ते रुजते. आपल्याकडेही या काळात याच विषयावर काम चालू होते. एल. एस. एस. कुमार आणि सॉलोमन यांनी भारतातील पिकांवर वाढणाऱ्या अशा मूळ-परोपजीवी वनस्पती आणि त्यांची यजमान पिके यांची यादी १९४१ साली प्रसिद्ध केली.

ही समज शेतकऱ्याच्या उपयोगाचीही होती. मुळाच्या पाझराने बी रुजते, पण त्या मुळावर अंकुराला जगता येत नाही, असे पीक सापडले तर? ते पेरावे, म्हणजे मातीतल्या बिया फसून रुजतील आणि उपाशी मरतील. कपाशी हे असेच एक पीक. अशा पिकाला आपण ‘सापळा पीक’ म्हणू. पण पाझरणारा तो पदार्थ कोणता, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

कपाशीने दिलेला धागा

१९५६ साली अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात मक्याच्या शेतांत एक अनोळखी लाल फूल सापडले. शेतकऱ्यांनी आणि तज्ज्ञांनी आधी तो मुळांचा रोग समजला होता. तेथे शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ते रोप आपल्याकडचे म्हणून ओळखले, असे सांगतात. गोष्ट पटण्यासारखी आहे. अमेरिकेत जे कोणी कधी पाहिले नव्हते, ते आपल्याकडच्या ज्वारीच्या शेतात शेतकऱ्यांची पोरेही ओळखत होती.

अमेरिकेने या तणाची धास्ती घेतली. मका हे त्या देशाचे मोठे पीक. १९५७ पासून लागण झालेल्या भागातून माती, अवजारे, शेतमाल बाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि खास प्रयोगशाळा उभी राहिली. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना मिळून लागणीचे क्षेत्र सुमारे पावणेदोन लाख हेक्टरपर्यंत गेले होते. या निमित्ताने संशोधनाला पैसा मिळाला. १९६६ साली कुक, वॉल, एग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाशीच्या मुळांच्या पाझरातून तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला स्ट्रायगॉल असे नाव दिले. पाण्यातले त्याचे प्रमाण एक अब्जांशाहूनही कमी असले तरी बी जागे होत होते. त्याची रचना १९७२ साली नक्की झाली. (यांतल्याच मन्रो वॉल यांनी नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांच्याबरोबर टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषधी द्रव्य शोधले.)

स्ट्रायगॉल बनवणे फार खर्चाचे होते. पण १९७० साली एग्ली आणि डेल यांनी दाखवले की फळे पिकवणाऱ्या इथिलीन वायूनेही हे बी रुजते. मग कॅरोलायनात इथिलीन थेट जमिनीत सोडण्याची पद्धत निघाली. शेतात पीक नाही, पण बियांना वाटते मूळ आले. त्या रुजतात आणि मरतात. जोडीला तणनाशके होती, तपासनीस होते, सरकारी खर्च होता. पुढच्या अर्धशतकात लागणीचे क्षेत्र मूळच्या दोन टक्क्यांच्याही खाली आले. मात्र यासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. मादागास्करच्या किंवा मालीच्या एकरभर भातवाल्याला इथिलीनची टाकी आणि ट्रॅक्टर कोण देणार? प्रयोगशाळेतले उत्तर बरोबर होते, पण ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्याच्या दारी ते पोचण्यासारखे नव्हते.

चोराला आवतण कशाला?

स्ट्रायगॉलच्या शोधाने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. आपल्याच चोराला जागे करणारा पदार्थ वनस्पती मुळात बनवतेच कशाला? जी झाडे तो बनवत नाहीत ती सुखी राहायला हवीत. नैसर्गिक निवडीने हा घातक गुण केव्हाच पुसून टाकायला हवा होता. तरीही मका, ज्वारी, भात, कपाशी अशा कितीतरी पिकांच्या मुळांतून स्ट्रायगॉल किंवा त्याची भावंडे पाझरतात. या कुटुंबाला आता स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात.

उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ साली जपानमध्ये आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा निरोप मुळात टारफुल्यासाठी नाहीच. तो मातीतल्या मायकोरायझा बुरशीसाठी आहे. ही बुरशी मुळांत राहते, आपले बारीक तंतू दूरवर पसरून मातीतले फॉस्फेट गोळा करते आणि झाडाला देते. बदल्यात झाड तिला अन्न देते. हा व्यवहार वनस्पती जमिनीवर स्थिरावू लागल्या तेव्हापासूनचा, चाळीस कोटी वर्षांहून जुना. स्ट्रायगोलॅक्टोनचा स्पर्श झाला की बुरशीचे तंतू भराभर फांद्या फोडू लागतात आणि मुळाकडे येतात. मित्राला मारलेली ही हाक आहे. टारफुला ती चोरून ऐकतो, इतकेच.

तीन वर्षांनी, २००८ साली, भात या गोष्टीत थेट आले. जपानमधील उमेहारा आणि सहकारी भाताची एक विकृत जात तपासत होते. या भाताला प्रमाणाबाहेर फुटवे येत आणि ते बुटके राहत असे. त्यात स्ट्रायगोलॅक्टोनचे प्रमाण फार कमी आढळले. बाहेरून ते दिल्यावर फुटवे आटोक्यात आले. त्याच वेळी फ्रान्समधील एका गटाने वाटाण्यावर हीच गोष्ट दाखवली. म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन हे झाडाच्या आत फुटवे आणि फांद्या रोखणारे संप्रेरकही आहे.

आता सगळे तुकडे जुळतात. जमिनीत फॉस्फेट कमी पडले की भात स्ट्रायगोलॅक्टोन जास्त बनवते. मुळांतून ते पाझरते आणि बुरशीला बोलावते. खोडात ते फुटवे रोखते, कारण जेवढे पोसता येतील तेवढेच फुटवे हवेत. उपाशी झाड एकाच पदार्थाने मदत मागते आणि काटकसरही करते. पण जमीन जितकी हलाखीची, तितकी हाक मोठी. आणि हाक जितकी मोठी, तितके टारफुल्याचे बी जास्त रुजते. ‘टारफुला गरीब जमिनीत येतो’ हे शेतकरी पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यांचे निरीक्षण खरे होते. त्यामागचे कारण रसायनशास्त्राला सापडायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

गरिबीचे तण

आफ्रिकेत हे संकट वाढत का गेले, हे यावरून समजते. पश्चिम आफ्रिकेत भात काही नवे नाही. आशियाई भाताहून वेगळी अशी ओरायझा ग्लाबेरिमा ही जाती नायजर नदीच्या खोऱ्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणसाळवली गेली. पूर्वी जमीन काही वर्षे कसायची आणि मग बरीच वर्षे पडीक ठेवायची, अशी रीत होती. पडीक काळात जमिनीचा कस भरून येई आणि यजमान न मिळाल्याने परोपजीवी तणाच्या बियांचा साठाही घटत जाई. लोकसंख्या वाढली, शहरांत तांदळाला मागणी आली, पडीक काळ आखूड होत गेला. त्याच त्या जमिनीत तेच तृणधान्य वर्षामागून वर्षे घेतले जाऊ लागले. कस उतरला, हाक वाढली, बियांचा साठा वाढला. पीक बुडाले की खतासाठी पैसा उरत नाही, खत नसले की पुढचे पीक आणखी बुडते. हे चक्र तोडणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात राहत नाही.

२०१६ साली रोडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील भातशेतीचा हिशेब मांडला. वनस्पतिसंग्रहालयांत जपलेल्या नमुन्यांवरून तणांच्या जागा काढल्या आणि त्या भातक्षेत्रांच्या नकाशावर ठेवल्या. पावसावरच्या सुमारे १३ लाख ४० हजार हेक्टर भातक्षेत्रात कोणते ना कोणते परोपजीवी तण असल्याचा त्यांचा अंदाज आहे. वार्षिक नुकसान किमान ११ कोटी १० लाख डॉलर, बहुधा २० कोटींच्या आसपास, आणि ते दरवर्षी सुमारे ३ कोटींनी वाढते. हा आकडा जागतिक व्यापारात किरकोळ वाटेल. पण तो भरणारे शेतकरी एक-दोन एकरांचे धनी आहेत आणि हाताने तण काढण्याचे काम तिथेही बहुतांशी बायका-मुलांच्या वाट्याला येते.

कमी हाक मारणारे भात

मग भातालाच हळू आवाजात बोलायला शिकवता येईल का? १९९० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील भात संशोधन केंद्रात सिएरा लिओनचे माँटी जोन्स आणि सहकाऱ्यांनी आशियाई आणि आफ्रिकी भाताचा संकर करून ‘नेरिका’ जाती तयार केल्या. उत्पन्न आणि काटकपणा यांची सांगड घालणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता. पण पुढे तपासणीत दिसले की त्यांतल्या काही जातींवर टारफुला कमी येतो. नेरिका-१ सारख्या जातींच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन कमी पाझरते. काही जातींमध्ये तर अंकुर मुळाला चिकटला तरी त्याला आतल्या जलवाहिनीपर्यंत पोचू दिले जात नाही. हा दुसरा पहारा निप्पोनबारे या जपानी भातातही असल्याचे २००६ साली दाखवले गेले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनिया व टांझानियातील शेतांवरच्या चाचण्यांत निवडक नेरिका जाती टिकल्या.

२०१४ साली आणखी एक धागा सापडला आणि तो भारताकडे आला. ‘बाला’ या भारतीय वरकस भातात स्ट्रायगोलॅक्टोन फार कमी असते, फुटवे पुष्कळ असतात आणि टारफुला कमी लागतो. फिलिपिन्सच्या ‘अझुसेना’ भाताशी तुलना केल्यावर कळले की बालामध्ये हा पदार्थ बनवण्याच्या कामातली दोन जनुके मुळातच गळलेली आहेत.

पण इथे थांबून मुलांना एक प्रश्न विचारावा. हाक पार बंद केली तर काय होईल? टारफुला येणार नाही, पण बुरशीचीही मदत घटेल आणि फुटवे अनावर होतील. मित्र आणि चोर दोघेही एकाच हाकेने येत असतील तर हाक किती मोठी ठेवायची, हा समतोलाचा प्रश्न आहे.

हाकेवाचून येणारे

इतके समजले म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटत असतानाच दुसरे तण पुढे येते. त्याचे नाव ऱ्हॅम्फिकार्पा फिस्टुलोसा. मादागास्करात भातावर वाढणाऱ्या परोपजीवी तणाविषयी बूरिके यांनी १९३३ सालीच लिहिले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वरच्या हिशेबात ते आफ्रिकेतील किमान ३६ देशांत नोंदले गेले आणि त्यांपैकी २८ देशांत खोलगट भागातला पावसाळी भात पिकतो. त्याची पांढरी, लांब नळीची फुले संध्याकाळी उमलतात.

हे तण टारफुल्यासारखे पूर्णपणे परावलंबी नाही. यजमान नसला तरी ते रुजते, वाढते आणि बी धरते. यजमान मिळाला तर मात्र खूपच पोसते. त्याच्या बियांना हाकेची गरज नाही. त्यांना हवी भिजलेली माती आणि उजेड. म्हणजे हळू बोलणाऱ्या भाताचा उपाय इथे पुरा पडत नाही. पडीक जमिनीतही ते वाढत असल्याने जमीन पडीक ठेवून ते उपाशी मरत नाही.

टांझानियाच्या दक्षिणेला, न्यासा सरोवराजवळच्या क्येला भागात ही दोन्ही तणे एकाच उतारावर सापडतात. वरच्या निचऱ्याच्या जमिनीत टारफुला, खालच्या ओलसर पट्ट्यात ऱ्हॅम्फिकार्पा. मधल्या पट्ट्यात दोघांची गाठ क्वचितच पडते. तिथल्या प्रयोगांत २०१७ साली दिसले की ऱ्हॅम्फिकार्पा असलेल्या खालच्या शेतात पेरणी लवकर करावी, म्हणजे तणाला उजेड आणि संधी मिळण्याआधी भात वाढलेले असते. वरच्या टारफुल्याच्या शेतात मात्र थोडी उशिरा केलेली पेरणी फायद्याची ठरते. एकाच गावात, एकाच उतारावर, शेजारच्या दोन शेतांना उलट सल्ला द्यावा लागतो. कोणते तण कुठे आहे आणि ते कसे जगते, हे ओळखल्याशिवाय दिलेला सल्ला अशा वेळी नुकसानच करील.

शाळेसाठी

सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात लांब नळीची पांढरी फुले येतात. त्यांना आपल्याकडे तुतारी म्हणतात. ही तुतारी ऱ्हॅम्फिकार्पा याच प्रजातीतली आहे. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला रडवणाऱ्या तणाची ही जवळची नातलग आपण फोटोसाठी शोधत फिरतो. कास पठारासारख्या संरक्षित जागी ती उपटू नये, नुसती पाहावी.

ज्वारीच्या भागातल्या शाळांना मात्र टारफुला सहज मिळेल. फुलावर आलेले एक रोप ज्वारीच्या धाटासकट आणि मातीच्या गड्ड्यासकट खणून आणावे. बादलीत पाण्याखाली हळूहळू माती धुवावी, म्हणजे टारफुल्याचे मूळ ज्वारीच्या मुळाला नेमके कुठे जोडले आहे ते भिंगातून दिसते. काम झाल्यावर रोप जाळून टाकावे, उकिरड्यावर टाकू नये. बी धरण्याआधी उपटलेले एकेक रोप म्हणजे हजारो बिया कमी. हाताने करण्याजोगा हा उपाय आजही शेतकऱ्याला पुढच्या वर्षांसाठी उपयोगी पडतो. शेणखत, कडधान्याची फेरपालट आणि पिकाला वेळेवर खत यांनी हाक मंदावते.

आणि मुलांना हेही विचारावे : कपाशीच्या मुळातून स्ट्रायगॉल काढणाऱ्यांना आपण बुरशीची भाषा वाचतो आहोत हे ठाऊक नव्हते, बुटक्या भाताचा अभ्यास करणारे टारफुल्याच्या शेतात उभे नव्हते, आणि टारफुला गरीब जमिनीत येतो असे सांगणाऱ्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा दिसली नव्हती. हे तिघे आधीच एकत्र आले असते, तर ती चाळीस वर्षे वाचली असती का?